माझ्या आवाजातलं 'न्हाई'

आमचा शिवा गेला, अन् त्याच्या मागं मशीनीतून मी बोलू लागले.

खोटं वाटत असेल तर गौरीला इचारा. तीच हे टाइप करून राहिली. मला अक्षर येत न्हाई, जीभ तेवढी चालते.

शिवा माझा नातू, गौरीचा थोरला भाऊ. लातुरात एका क्लासच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होता.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी औशाच्या रोडवर त्याची गाडी घसरली.

आमच्या रीतीनं शेतात बसवून माती दिली. जन्मभर बसून काम केलं, बसूनच गेला.

मोबाइलचा रोडवरच चुरा झाला. त्याचा आवाज आमच्याकडं कुठंच उरला न्हाई.

फोटो लई हायत. पर फोटो ह्या आजीला 'अव्वा' म्हनत न्हाई.

आता मागची गोष्ट. लातूरला रेल्वेनं पानी आलं, त्या दुष्काळातली. घर टँकरची वाट बघून राहिलं होतं, अन् हा पायथनमधी स्क्रिप्ट लिहीत बसलेला.

"हे काय करतंय रे?"

"अव्वा, हे एकेका फाइलच्या दारात जाऊन परमिशन इचारतं. वाचू का? लिहू का? चालवू का? तिन्हीला होकार आला तर हाव. एकाला जरी नकार आला तर न्हाई."

"म्हंजे माझ्यावानीच खडूस."

"म्हनून तर तुझा आवाज घालून राहिलो. तू न्हाई म्हनलीस की ह्या घरात पुढं कोन बोलतंय?"

हाव माझ्याकडून एकदाच बोलून घेतलं. न्हाई मात्र पुन्हा पुन्हा. म्हने, तुझं न्हाई लई भारी येतं.

मागच्या आठवड्यात त्याच्या कपाटात एक पेनड्राइव्ह सापडला. गौरीनं तो आपल्या लॅपटॉपला लावला. आत आवाजाच्या फाइली, अन् हीच स्क्रिप्ट. तिनं आधी स्क्रिप्ट चालवली.

मी स्वैपाकघरात. तोंडात कुटलेली सुपारी, एकदम गप.

अन् पुढच्या खोलीत मीच बोलले.

न्हाई.

जरा थांबून, न्हाई. परत, न्हाई.

आवाज आत्ताचा नव्हता. दात होते तवाचा होता.

गौरी दारात आली. तोंड पांढरंफटक.

"अव्वा, तू सगळ्या फाइलींना न्हाई म्हनलीस. आता ठेवून काय करायचं? पुसते. मला क्लासला पेनड्राइव्ह लागतोय."

"उघडून बघितल्यास का?"

"तू न्हाई म्हनल्यावर कशी उघडू?"

बघा! समोरच्या अव्वाचं एक ऐकत न्हाई ही, अन् मशीनीतल्या अव्वाला भ्याली.

पुसायला बसली, अन् मधीच थांबली. "दादा म्हनायचा, परमिशन इचारून खरं कळत न्हाई. उघडून कळतं."

मग तिनं बराच वेळ डोकं घातलं, तवा उलगडलं. शिवाच्या कॉम्प्युटरात विंडोज, तिथं तिन्ही प्रश्नांना होकार यायचा. गौरीच्या लॅपटॉपात लिनक्स, तिथं आवाजाच्या फाइलला 'चालवू का'चा जबाब नकारच येतो. अन् नुसतं ऐकायला तो होकार लागतच न्हाई! दारं तीच, दारवान निराळा. हे शहाणपन गौरीचं, मी आपली सांगून राहिले.

तिनं एक फाइल उघडली.

"अव्वा, अजून एकदा. जरा रागानं."

शिवा. माझा शिवा.

"न्हाई."

"अजून."

"न्हाई!"

बाहेर हॉर्न वाजला. खुर्ची सरकली.

"अव्वा, टँकर आला. जाऊ?"

"न्हाई."

हसला. चप्पल वाजत वाजत दारापर्यंत गेली. मग बाहेर. मग वाजायची थांबली.

पुढं नुसती रिकामी खोली. तिच्यात कुनीतरी श्वास घेऊन राहिलं होतं.

गौरीनं माझा हात धरला. "अव्वा, तूच हायस ती."

मी हाय, हे मला ठावं हाय गं. त्याच्या मागं खोलीत मीच उरले, हेच तर.

आता गौरी म्हनती, शेवटी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहावं लागतं. लिही माय. पर आधी हे लिही.

शिवा, माझ्या न्हाईपाशी तू कवा थांबला न्हाईस. पर इचारल्याबिगर बी कवा गेला न्हाईस.

जा बाबा.

ह्या बारीला, हाव.