प्रवासातली बाही

बायडाबाईंचा विणकामाचा एक नियम होता. पाठ घरी विणायची, बाही प्रवासात. पाठ मांडीभर पसरते, चार माणसांत ती आवरत नाही. बाही पिशवीत मावते आणि एसटीच्या बाकावर शेजारणीला कोपर न लागू देता विणता येते. त्यामुळे त्यांच्या हातच्या प्रत्येक बाहीला एखादं गाव चिकटलेलं असे. मुलाच्या, रणजितच्या शाळेतल्या स्वेटरची डावी बाही जेजुरीच्या वाटेवरची, उजवी बारामतीच्या लग्नातली. स्वेटर कधीच विरून गेले, बाह्या मात्र त्यांच्या ध्यानात राहिल्या.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या आप्पासाहेबांसाठी, म्हणजे आपल्या यजमानांसाठी विणत होत्या.

हडपसरला त्यांचं शेत होतं तिथं आता सात मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर हे घर. रणजित, सून पूर्णिमा, कॉलेजात जाणारी नात निकिता आणि ही दोघं. इमारतीमागं चार गुंठे उरलेत. त्यात आप्पासाहेब मेथी-कोथिंबीर करतात. मेच्या शेवटी सगळ्यांनी मनालीला जायचं असं रणजितनं ठरवलं आणि तिकिटंही काढली.

"माझं रद्द कर," आप्पासाहेब म्हणाले. "मेथीला पाणी कोण दील? आन थंडीत जायला माझ्याकडं स्वेटर कुठं हाय?"

"आप्पा, नवं जाकीट घेऊ की."

"ते फुगलेलं? त्यात मी गॅसच्या टाकीवानी दिसंन."

मेथीचं बायडाबाईंनी कानाआड केलं. पाणी द्यायला संपत नावाचा वॉचमन होताच. स्वेटरचं बोलणं मात्र त्यांनी धरून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी राखाडी लोकर घरात आली.

त्या बोलण्यामागं पन्नास वर्षं होती. लग्नाच्या पहिल्या साली खताच्या दुकानातून एक कॅलेंडर मिळालं होतं. त्यावर बर्फाचा डोंगर आणि पायथ्याला लाकडी घर. तरणेताठे आप्पासाहेब त्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले होते, "एकदा तुला हे दावतो." नव्या नवरीनं ते खरं मानलं. लोणी काळभोर हे बायडाबाईंचं माहेर. तिथल्या दवाखान्यातल्या हिरा नर्सबाईंकडून त्या सायकलच्या तारांवर विणायला शिकल्या होत्या. बर्फात जायचं तर अंगात काहीतरी हवं, म्हणून त्यांनी चॉकलेटी लोकर आणवली.

लोकर तेव्हा लडीत मिळायची. गुंडा करायचा तर समोर कुणीतरी दोन्ही हात पुढं करून लडी धरून बसावं लागे. आप्पासाहेब धान्याच्या खोलीत दार लोटून बसत. दिवसभर बैल आवरणारे ते हात लोकरीत अडकून निमूट राहत. "आवर गं, आई येईल," असं म्हणत, पण हात खाली घेत नसत.

स्वेटर झाला, डोंगर राहिला. त्या साली विहीर, पुढच्या साली रणजित, मग ओळीनं नणंदांची लग्नं. पहाटेच्या पाण्याच्या पाळ्या करता करता स्वेटर विरला, आणि कॅलेंडरच्या कागदाची रणजितच्या पुस्तकाला कव्हरं झाली.

म्हणून यंदा त्यांचा हात थांबत नव्हता. चैत्र सरेपर्यंत पाठ आणि पुढच्या दोन्ही बाजू झाल्या. मग लग्नसराई लागली. एका रविवारी यवत, मधल्या वारी सुपे, मग बिबवेवाडीला नणंदेच्या नातवाचं बारसं, लगेच सासवड. रणजितच्या गाडीत मागच्या सीटवर बायडाबाईंच्या सुया चालू असत. घामानं लोकर बोटांना चिकटे, म्हणून पिशवीत पावडरचा डबा. चार ओळी झाल्या की हात पांढरे करायचे आणि पुढं निघायचं.

यवतच्या मांडवात पंख्यापुढं बसलेली एक म्हातारी बराच वेळ बघत राहिली.

"बाई, आमाला अंगावरलं पातळ जड झालंय, आन तुमी लोकर घिऊन बसलाय. बरं हाय ना?"

"आमच्या मालकांना थंडी वाजती," बायडाबाई म्हणाल्या.

"मे महिन्यात?"

"वाजायची हाय अजून."

माप त्यांनी घेतलंच नव्हतं. ते तोंडपाठ होतं. मनगटाला अठ्ठेचाळीस टाके, दंडाशी बहात्तर, लांबी अडीच वीत. उजवी बाही सुप्याला जाताना दिवेघाट चढताना बंद झाली, डावी सासवडहून घाट उतरताना थोडी राहिली ती घरी पुरी केली. नियम मोडला, पण दिवस उरले नव्हते.

निघायच्या तीन दिवस आधी स्वेटर आप्पासाहेबांच्या अंगावर चढला. बाह्या बोटांच्या टोकाला आल्या. खांदे दंडावर उतरले.

"आबा, ओव्हरसाइझ्ड! हीच तर फॅशन आहे," निकिता म्हणाली. कुणी हसलं नाही.

बायडाबाईंनी त्यांचं मनगट हातात घेतलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात होता आणि तरी घड्याळ फिरत होतं. रोज त्या याच हाताला ताट देत, याच हातावर गोळ्या ठेवत. तो इतका बारीक कधी झाला, हे त्यांना दिसलं नव्हतं. तीन दिवसांत उसवून पुन्हा विणणं होणार नव्हतं. न येण्याचं निमित्त आपणच विणून दिलं, असं त्यांना वाटलं.

आप्पासाहेब आरशापुढं उभे राहिले.

"माप कुणाचं घेतलंस?"

"तुमचंच."

"कवाचं?"

बायडाबाईंनी दंडावर उतरलेला खांदा वर ओढून बघितला. आप्पासाहेबांनी आरशातूनच त्यांच्याकडं पाहिलं. मग सावकाश एका बाहीला घडी घातली, वर दुसरी घातली. दुसऱ्या बाहीलाही तसंच केलं. शेवटी छातीवरून हात फिरवत ते म्हणाले, "आन खिसा? तिथं गेल्यावर मी चष्मा कुठं ठिवू?"

"अहो," पूर्णिमा हळूच रणजितला म्हणाली, "ते तिकीट रद्द करायचं राहू द्या."

घरातली लोकर संपली होती. पूर्णिमानं पेठेतली चार दुकानं पालथी घातली, तेव्हा तो राखाडी रंग एका दुकानात मिळाला, तोही लडीत. बांधाबांधीत तीन दिवस गेले आणि खिसा प्रवासावर आला.

दिल्लीची गाडी संध्याकाळी पुण्याहून सुटली. हडपसर मागं पडलं. बायडाबाईंनी पिशवीतून लडी काढली आणि ती कुठं अडकवावी म्हणून इकडंतिकडं पाहिलं. समोरच्या बाकावरून आप्पासाहेबांचे दोन्ही हात पुढं आले. एसीच्या गारठ्यात त्यांनी स्वेटर चढवला होता; त्याच्या घड्या घातलेल्या बाह्या कोपराकडं सरकल्या होत्या. लडी त्या हातांवर बसली, आणि गुंडा फिरू लागला.

खिडकीतून लोणीचं स्टेशन गेलं. बाकावरची माणसं बघू लागली. निकितानं मोबाइल वर धरला.

"आवर गं, लोकं बघत्यात," आप्पासाहेब म्हणाले. हात मात्र त्यांनी खाली घेतले नाहीत.