चौघांत एक अकाउंट

दुकानात बसणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. दुरुस्तीला टाकून परत न नेलेल्या मोबाइलसारखे ते आपोआप ड्रॉवरमध्ये साचतात. केजच्या बस स्टँडजवळ माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "विन्या, त्या गेमचे किस्से सांग की बे!" सांगतो. तुम्ही हसा, मला आता फारसं हसू येत नाही.

आम्ही चौघे. मी. तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारा संत्या. वयानं आमच्या दुप्पट आणि आमदार साहेबांच्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत असणारे बप्पा. आणि कापड दुकानात कामाला असलेला दत्त्या, बोलायला कमी, खेळायला वाघ.

चौघांत मिळून ऑनलाइन गेमचं अकाउंट एकच. भावकीतल्या विहिरीवर मोटारीच्या पाळ्या लावतात, तशा आम्ही खेळायच्या पाळ्या लावल्या. सकाळी मी, दुपारी संत्या, मग बप्पा आणि बप्पांच्या मागं दत्त्या. पाळी आली की आपापल्या मोबाइलवर पासवर्ड टाकून आत जायचं. अकाउंटचा ईमेल मात्र माझ्या दुकानातल्या मोबाइलवर. आता खरं सांगायचं तर अकाउंट वर नेलं ते एकट्या दत्त्यानं. आम्ही दोघांनी ते खाली येऊ दिलं नाही, एवढंच. बप्पांनी तेही केलं नाही!

*

एक दिवस त्या ईमेलवर मेल आली. "तुम्ही पासवर्ड बदलण्याची विनंती केली आहे. केली नसल्यास या मेलकडे दुर्लक्ष करा."

दुर्लक्ष! कुणीतरी आपल्या दाराची कडी वाजवतंय आणि कंपनी म्हणते झोपून राहा. मी तिघांना दुकानात बोलावलं. विनंती कुणीच केलेली नव्हती.

संत्यानं तिथंच उत्तर लिहायला घेतलं. "प्रति, मा. पासवर्ड अधिकारी साहेब. विषय : न मागता पासवर्ड दिल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, आम्ही सदर पासवर्ड मागितलेला नसून योग्य ती चौकशी व्हावी."

मी म्हटलं, "अरे, खाली लिहिलंय, या मेलला उत्तर देऊ नका."

"आत येऊ नका असं तहसीलच्या दारावर बी लिवलेलं हाय," संत्या म्हणाला. "कोण थांबतंय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच मेल आली. संत्यानं ती सगळ्या तहसीलसमोर फिरवली. "बघा! एका दिवसात उत्तर! असं हापिस पाहिजे!"

*

बप्पांचा अर्जावर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास फोनवर. त्यांनी स्पीकर चालू करून थेट साहेबांच्या पीएला फोन लावला.

"अकाउंट उचलायलेत आमचं. त्या कंपनीला जरा दम द्या की."

पीएनं विचारलं, "कंपनी कुठली हाय?"

"परदेशातली."

पीए म्हणाला, "बप्पा, आष्टीत असती तर आत्ता काम केलं असतं."

*

मग पासवर्ड बदलायचं ठरलं. जुना होता गावाचं नाव आणि एक-दोन-तीन. दत्त्यानं विचार करून नवा काढला, लांबलचक. कुणाला सांगायचा नाही, असं चौघांनी ठरवलं.

संध्याकाळपर्यंत बप्पा तो विसरले. संत्यानं तो त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवला, पण बप्पांना पाठवायच्या ऐवजी "केज मित्र परिवार" ग्रुपवर! त्या ग्रुपात रसवंतीवाल्यापासून वडापच्या जीपवाल्यांपर्यंत अख्खं केज होतं. लोकांनी खाली हात जोडल्याचे इमोजी टाकले. एकानं तर भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली.

मेल यायची थांबली नाही. तेव्हा दत्त्या एकच वाक्य बोलला. "पासवर्ड समद्या गावाला म्हाइत झालाय. मग चोर नवा कावून मागायलाय?"

त्या वाक्यापाशी थांबायला पाहिजे होतं. आम्ही चहा मागवला.

*

एव्हाना साहेबांचा वाढदिवस आला. त्यानिमित्त गेमची स्पर्धा, स्टँडसमोर मांडव आणि मोठा फ्लेक्स. वर साहेब, खाली गॉगल लावलेले आम्ही चौघे. दत्त्याची आई चौसाळ्याहून एसटीनं फ्लेक्स बघायला आली होती. तिला गेममधलं काही कळत नव्हतं. पोराचा चेहरा स्टँडवर लागलाय, एवढं कळत होतं. पदर सावरून बराच वेळ उभी होती बिचारी.

मेल येतच होत्या. आणि चौघांतलाच कुणीतरी अकाउंट पळवणार, हे आता संत्या उघड बोलायला लागला. मग बप्पांनी तोडगा काढला. "महादेवाच्या देवळात जाऊन बेलभंडारा उचला. खरं काय ते देव बघंल."

देवळात पहिला बेल उचलला बप्पांनी. "म्या पळवत असंल तर माझं वाटोळं होवो!" आवाजात कंप नाही, डोळ्यांत पाणी. मग संत्या, मग मी. दत्त्यानं हात मागं घेतला.

"गेमसाठी बेल न्हाई उचलायचो मी," तो म्हणाला. त्याच्या घरी रोज महादेवाची पूजा. आजोबांनी जमिनीच्या भांडणातसुद्धा बेल उचलला नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं. पण त्या दिवशी कुणाला आठवतंय!

"भ्यायलाय," बप्पा म्हणाले.

संत्याचं म्हणणं तर एकदम पक्कं, "ज्यानं वाढवलं, तोच नेणार की!" म्हणजे जास्त कष्ट केले हाच पुरावा. माझ्याच दुकानात, माझ्याच हातानं मी त्याचा नंबर आमच्या चौघांच्या ग्रुपमधून काढला.

*

फ्लेक्स नवा छापायला वेळ नव्हता. बप्पांनी पुतण्याचा फोटो छापून आणला आणि दत्त्याच्या तोंडावर चिकटवला. पुतण्याचं डोकं मोठं आणि खाली दत्त्याचे खांदे. पूर्ण आठवडाभर ते ध्यान स्टँडवर लटकत होतं. दत्त्या रोज कामावर त्याच्याखालूनच जायचा.

स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत गारद. निवेदक माइकवर म्हणाला, "बक्षीस समारंभाला थांबा, पळून जाऊ नका!"

पुढच्या महिन्यात दत्त्या चाकणला कंपनीत लागला. जाताना कुणाला भेटला नाही. तरी मेल येतच होत्या. संत्या म्हणायचा, "बघा, तिकडून बी हात मारायलाय!" त्या चाकणच्या पोराला आम्ही केजमध्ये बसून रोज चोर ठरवत होतो.

*

परवाची गोष्ट. दुपारी बप्पा माझ्या काउंटरला टेकून उभे. संत्या पाळी संपवून शेजारी चहा पीत बसलेला. बप्पांनी मोबाइल काढला, गेम उघडला आणि अंगठा टेकवला. माझ्या ड्रॉवरमधला मोबाइल टिंग वाजला. पासवर्ड बदलण्याची मेल.

मी म्हटलं, "बप्पा, आत्ता काय दाबलं?"

"रोजचंच की."

"रोजचं म्हणजे?"

बप्पांनी स्क्रीन पुढं केली. "हे बघ. आत जायच्या आधी इचारतंय, पासवर्ड विसरलात का? मी लई वेळा विसरतो. मग खोटं कावून बोलायचं? दाबतो. मेल बी आपली तितं आधीच भरलेली असती. मग मागं येतो, तुमाला इचारतो अन् आत जातो."

संत्याच्या हातातला चहा तसाच राहिला. बप्पा आमच्याकडं बघत होते, काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं. बेल उचलताना माणूस खोटं बोलला नव्हता, हीच तर पंचाईत!

मी दत्त्याला फोन लावला. मागं मशिनचा आवाज होता. सगळं सांगितलं. माफ कर म्हणालो. 

"म्हाइत हाय मला," तो म्हणाला. "माझी पाळी बप्पाच्या मागंच हुती. पाळीची वाट बघत शेजारीच बसायचो, रोज बघायचो दाबताना."

"मग देवळात बोलला कावून न्हाईस बे?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी बेल पुढं केला."