बाबांच्या दहाव्याला कावळा आला नाही

“ये रे! काव, काव! अरे ये म्हणतो ना, लाज नाही वाटत?”

काका आकाशाकडे तोंड करून ओरडत होते. स्थळ नदीकाठचा घाट, प्रसंग बाबांचा दहावा. आवाज असा, की पलीकडच्या काठावर धुणं वाळत घालणाऱ्या बाईनं आपल्यालाच बोलताहेत समजून पदर सावरला. आमचे पूर्वज संस्थानाच्या घोडदळात होते. काका त्यांना अधूनमधून बढती देतात. माझ्या लहानपणी ते घोड्यांना खरारा करणारे मोतद्दार होते, सध्या सरदार आहेत. आवाज मात्र अस्सल घोडदळातला आहे, त्यावर धावता घोडा थांबला असता. कावळा काही येत नव्हता.

समोर केळीच्या पानावर भाताचा पिंड. मी ओल्या धोतरात, नुकतं मुंडण झालेलं, टाळूवर ऊन पापड भाजल्यासारखं. पिंडाला कावळा शिवला की गेलेला माणूस तृप्त. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली. मग मागच्यांनी ती ओळखायची आणि मोठ्यानं कबूल करायची, कावळ्याचं समाधान होईपर्यंत.

आता इंदूर पडलं देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर. कचऱ्याची गाडी दारात येते, आणि माणूस ओट्यावर जरा जास्त वेळ रेंगाळला तर त्यालाही ओला की सुका विचारून घेऊन जाते. रस्त्यावर शेवेचा तुकडा सापडत नाही. कावळ्यांनी खावं काय? माझा हिशेब असा, की शहाणे कावळे केव्हाच गौतमपुऱ्याकडच्या शेतांत राहायला गेले. पण हे घाटावर बोलणार कोण? तिथे सगळ्यांना कारण ठाऊक होतं, आणि ते कारण पार्किंगमध्ये जुन्या स्कूटरला टेकून उभं होतं.

तो माझा मोठा भाऊ. दादा ख्रिस्ती झाला त्याला बरीच वर्षं झाली.

त्याआधी तो प्यायचा. थोडीथोडकी नव्हे, तो सांवेर रोडच्या कारखान्यातून निघाला की वाटेतल्या दुकानदारांना दुसऱ्या दिवशी माल मागवावा लागायचा. वहिनी माहेरी गेली ती परत आलीच नाही. त्या काळात काका आमच्याकडे एकदाही फिरकले नाहीत. मग कारखान्यातला कोणी दादाला प्रार्थनेला घेऊन गेला, दादाची दारू सुटली, आणि पुढे त्यानं बाप्तिस्मा घेतला. ही बातमी कळली त्या दिवशी काका मिळेल त्या रिक्षानं हजर. दारूनं घर बुडत होतं तेव्हा धर्माला काही झालं नव्हतं. आता धर्म बुडाला होता.

नातेवाईकांत चर्चेला ऊत आला. राजवाड्याजवळच्या मावशीकडे बातमी पोचली तेव्हा दादाला ख्रिस्ती व्हायचे पैसे मिळाले होते. विजय नगरला पोचेपर्यंत फ्लॅट मिळाला होता. पुण्याला पोचली तेव्हा परदेशातली नोकरी आणि गोरी बायको. दादा त्याच एका खोलीत राहत होता, त्याच स्कूटरवर फिरत होता. माझ्यासाठी आलेली स्थळंही परत गेली, मुलीकडचे विचारायचे, घरात मिशनरी आहे का. हे कारण मला फार सोयीचं पडलं. नाहीतर दुसरं काही शोधावं लागलं असतं, आणि ते माझ्यातच सापडलं असतं.

बाबांनी तेवढा आरडाओरडा केला नाही. ते रिटायर्ड मास्तर. बातमी ऐकली, चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि म्हणाले, या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही. आई आधीच गेली होती. म्हणजे घरात नाव घेणारा उरलो मी एकटा.

मी नाव घेतलं नाही. मी ‘तिकडे’ म्हणायला लागलो. दर रविवारी दादाची प्रार्थना आटोपली की त्याच्याकडे जाऊन यायचो, आणि रात्री बाबांना सांगायचो: तिकडे विचारत होते, गुडघा कसा आहे. तिकडे म्हणत होते, मोतीबिंदूचं टाळू नका. दादा तसलं काही बोलायचा नाही. तो जेवायला वाढायचा आणि गप्प बसायचा. बाबाही उत्तर द्यायचे नाहीत. पण टीव्हीचा आवाज कमी करायचे. दुसऱ्या बाजूनं मी सराफ्यातल्या मिठाईवाल्याकडून शंकरपाळे घ्यायचो, घरच्या डब्यात ओतायचो आणि दादाला सांगायचो, बाबांनी तुझ्यासाठी स्वयंपाकाच्या बाईकडून करून घेतलेत. इतकं खोटं मी ऑफिसातही बोललो नाही, आणि ऑफिसात मी सेल्सला आहे. आपण नसतो तर हे दोघे एकमेकांच्या लेखी कधीच मेले असते, असं मला वाटायचं. सगळा पूल माझ्या पाठीवर उभा. पाठ दुखायची, पण बरंही वाटायचं.

तर घाटावर इच्छा ओळखणं सुरू झालं. आत्यांनी कबूल केलं की गच्चीची गळती काढून घेऊ. कावळा नाही. बाबांची पुस्तकं शाळेला देऊ. नाही. काकांनी गर्जना केली की धाकट्याचं लग्न लावून देऊ. त्यावर एक कबुतर उडून गेलं. गुरुजींना पुढच्या घरी जायचं होतं, ते मोबाईलवर वेळ बघत होते.

शेवटी काका माझ्या कानाशी वाकले. त्यांना हळू बोलता येत नाही, त्यामुळे ते सगळ्या घाटानं ऐकलं.

“हे बघ, तुला पण माहीत आहे त्यांचा जीव कशात अटकून राहिलाय. म्हण, मोठ्याला परत आपल्यात आणीन. आणि नाही आला, तर त्याच्याशी संबंध ठेवणार नाही. बोल ना पटकन.”

हे बोलून टाकायला माझ्यासारख्याला काय जड होतं? आयुष्यभर सांगितलेल्या थापा रचल्या असत्या तर आमच्या सात मजली राजवाड्यावर आठवा मजला चढला असता. पण समोर बाबा होते, भाताचे का होईना. आणि त्यांना एकदा शब्द दिला की तो मोडायची सोय नव्हती. शिवाय घाटावरून निघाल्यावर मी जाणार होतो कुठे? घरी टीव्ही होता, पालथा कप होता. काका आपल्या घरी, आत्या आपल्या घरी. माझा म्हणून उरलेला माणूस त्या स्कूटरला टेकून उभा होता, आणि त्यालाच मी इथे पाण्यात सोडायचं, तिळांबरोबर.

मी हात जोडले. “बाबा, दादाला मी सोडणार नाही,” एवढंच म्हणालो.

इथे कावळा आणायला मला कोणी अडवलेलं नाही. ऑफिसात मी आणलाच. तिथे हे वाक्य संपताच पश्चिमेकडून कावळ्यांचा असा थवा आला की गाड्यांनी दिवे लावले. जिममधल्या मित्राला एकच कावळा सांगितला, पण डोळ्यांत पाणी असलेला. खरं सांगायचं तर काहीच आलं नाही. वर आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, आपल्या शहरासारखंच.

गुरुजींनी दर्भाचा कावळा वळला, पिंडाला टेकवला आणि पिशवी आवरायला घेतली. यालाही शास्त्र आहे म्हणाले. काका माझ्याशी बोललेच नाहीत. आत्यांनी चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता सांगितलं, की तेराव्याला तो पंगतीत असणार असेल तर आमची पानं मांडू नकोस. मग सगळे गाड्यांत बसले. मला कोणत्या गाडीत बसायचं हे कोणी सांगितलं नाही. ते मला घाट रिकामा झाल्यावर लक्षात आलं.

मी तसाच ओल्या धोतरात पार्किंगमध्ये गेलो. दादानं डिकीतून आपलं जॅकेट काढून मला दिलं. समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले. तो लांब का उभा राहिला ते मी विचारलं नाही. काकांनी जवळ येऊ दिलं नसतं, आणि पिंडापुढे हात जोडणं त्याच्या धर्मात चालत नाही. दोन्हीकडून सारखंच अंतर.

“काकांनी काय म्हणायला सांगितलं?” त्यानं विचारलं.

“काही नाही. गच्चीचं.”

तो हसला नाही. मी म्हणालो, तेराव्याला ये. तो म्हणाला, मी येऊन काय करू, तुझी माणसं उठून जातील. मी म्हणालो, ती आजच उठली समज, पानं आपल्या दोघांपुरतीच मांडू. मग मी म्हणालो, तेरावा राहू दे, तू राहायलाच ये, तुझी खोली आहे तशीच आहे. तो स्कूटरच्या सीटवरचा फाटका भाग बोटानं आत दाबत बसला.

तेव्हा मी माझं शेवटचं आणि सगळ्यात मोठं काढलं. आवाज जरा जड केला. तो मुद्दाम करावा लागला नाही. म्हणालो, दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी तुझं नाव घेतलं. स्पष्ट घेतलं. म्हणाले, मोठ्याला सांग, झालं गेलं विसरलो, घरी ये.

दादानं चहा संपवला. रिकामा कप टपरीच्या डब्यात टाकून आला.

“बाबा रोज फोन करायचे मला,” तो म्हणाला. “तू ऑफिसला निघालास की. घरी ये असं कधी म्हणाले नाहीत.”