टॅनर्स रोची धाकटी पाती

सगळ्यात आधी नोरीनमावशींचं नाव लिहिते. पुढे काही चुकलं, काही विसरलं तरी चालेल, पण हे नाव राहून जायला नको. डब्लिनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. दहावीतच शाळा सुटलेल्या, तीही हिंदी मीडियमच्या, देवासच्या मुलीला, म्हणजे मला, त्यांनी इंग्रजी मोठ्याने वाचायला लावलं आणि एकदाही हसल्या नाहीत. म्हणजे एकदा हसल्या, पण कारण वेगळं होतं. ते येईलच.

आता निघाल्याचं सांगते. इंदूरच्या विमानतळाबाहेर आई डोळे पुसत होती आणि माझे वडील, नाना, बांधलेली सुटकेस पुन्हा उघडून त्यात शेवेची पिशवी कोंबत होते. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, आधीच तिकडे हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला लागला होता. जायचं मला एकटीला. उज्जैनलासुद्धा कधी एकटी गेले नव्हते मी! नानांनी सुटकेसची चेन ओढली आणि म्हणाले, "रडू नकोस. कुठेही पत्ता विचारशील ना, तर आधी रस्त्याची बाजू विचार. नाव मागाहून."

देवासवाल्यांना याचा अर्थ सांगायला नको. पण आपली जी मुलं पुण्या-बंगळूरला वाढली त्यांच्यासाठी सांगते. आपल्या एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. मधला रस्ता म्हणजे सरहद्द. अलीकडचं घर एका राजाचं, समोरचं दुसऱ्याचं. नानांच्या आत्याच्या लग्नाचं वऱ्हाड धारहून आलं, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडव होते. वऱ्हाड उतरलं धाकट्या पातीत, आमचं घर थोरल्या पातीत. सरबत झालं, फराळ झाला, नवरदेवाचे पायसुद्धा धुऊन झाले, आणि मग कोणीतरी मुलीचं नाव विचारलं, तर मांडव दुसऱ्याच लग्नाचा! तेव्हापासून आमच्या घरात बाजू आधी, नाव मागाहून. मिलिंद धारचा, म्हणून आमच्या लग्नात नाना स्वतः रस्त्यावर हात आडवे करून उभे होते. "जावईबापू, इकडे. तिकडे नाही, इकडे."

डब्लिनचे पहिले महिने मी दाराच्या आत काढले. बेल वाजली की श्वास धरून बसायचे. कोणी काही विचारलं तर काय बोलणार? एका सकाळी पोह्यांना फोडणी दिली आणि बेल वाजली, आणि वाजतच राहिली. दार उघडलं तर पांढऱ्या केसांची, काठी धरलेली बाई. मला वाटलं, आला वासाचा झगडा. मी "सॉरी, सॉरी" सुरू केलं.

"सॉरी कशाला?" त्या म्हणाल्या. "हे जे काय आहे ते मला मिळणार आहे की नाही, एवढंच सांग."

त्या दिवशी आयर्लंडमध्ये पहिल्यांदा कोणी पोह्यांवर नानांची शेव घालून खाल्ली. तिकडे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, म्हाताऱ्यांनासुद्धा. माझी जीभ काही उचलेना, म्हणून मी नोरीनमावशी केलं. त्यांना ते फार आवडलं. मिलिंदला त्या 'भिया' म्हणायला लागल्या. कुठून शिकल्या तर माझ्याकडूनच, मी फोनवर भावाला म्हणते ते ऐकून.

मावशींची नजर अधू झाली होती. त्यांना शंभर वर्षांपूर्वीची जनगणना वाचून घ्यायची होती. तिकडे ती सगळी पानं टॅबवर दिसतात, घरोघरच्या माणसांनी आपल्या हाताने भरलेली. मी म्हटलं, मला येत नाही. त्या म्हणाल्या, "मला दिसत नाही, तुला येत नाही. दोघी मिळून एक धड बाई होईल."

त्यांना हवं होतं आजीचं, म्हणजे ब्रिजेट ड्वायरचं, लहानपणचं घर. आजी सांगायची, आम्ही टॅनर्स रो नावाच्या गल्लीत राहायचो, खाली लगाम शिवणाऱ्याचं दुकान, दिवसभर चामड्याचा वास. ती गल्ली कधीच पाडली. आता नकाशावरही नाही. मावशींचे एक भाऊ म्हणायचे, आजी खेड्यातून आली होती, शहरातल्या घराची गोष्ट तिने रचली. उन्हाळ्यात कॅनडाहून त्यांची सगळी भावंडं यायची होती. मावशींना त्यांना त्या जागेवर उभं करून सांगायचं होतं, आजी खोटारडी नव्हती.

रोज दुपारी मी वाचायचे. नाव, नातं, धर्म, वय, लिहिता-वाचता येतं की नाही. कितीतरी मोठ्या माणसांपुढे 'वाचता येत नाही' असं लिहिलेलं. मला त्यांची माया वाटायची. आणि शाळेत जाणारं पोर केवढंसंही असो, त्याच्यापुढे कामाच्या रकान्यात लिहिलेलं 'स्कॉलर'. मी विचारलं, एवढीशी पोरं विद्वान? मावशी म्हणाल्या, "शिकत असेल तो स्कॉलर. तू नाहीस का?" घरी जाऊन मी मिलिंदला हे सांगितलं, आणि दोनदा सांगितलं.

टॅनर्स रोचं शेवटचं घर आलं. ड्वायर आडनावाचं कोणीच नाही. लगाम शिवणारा नाही. मावशींनी टॅब उलटा ठेवला. "जाऊ दे. भाऊच खरा. आजीला गोष्टी रचायची हौस होती."

त्यांचा चेहरा मला बघवेना. आणि घाबरले की माझ्या तोंडातून देवासच निघतं. मी म्हणाले, "ही थोरल्या राजाची बाजू झाली ना? धाकट्याची कुठे आहे?"

"कोणता राजा गं?"

माझे कान तापले. डब्लिनमध्ये कुठली पाती! पण आता तोंडातून गेलंच होतं, म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. दोन राजे, एक रस्ता, धारचं वऱ्हाड.

"पाय धुतले? चुकीच्या घरी?" मावशी एवढ्या हसल्या की कपातला चहा बशीत आला. हसता हसता एकदम थांबल्या. "अगं, राजे नव्हते आमच्याकडे. पण वॉर्ड होते. शेजारचा वॉर्ड उघड बघू."

उघडला. त्यात गल्ल्यांची नावं, आणि त्यात पुन्हा टॅनर्स रो. गल्लीची समोरची बाजू दुसऱ्या वॉर्डात मोजली होती! मी वाचत सुटले. उच्चार कसेही होऊ देत. एका घरात खाली खोगीर-लगामवाला, आणि वरच्या खोल्यांत ड्वायर. बाप, आई, मुलगे, आणि ब्रिजेट, मुलगी, वय सात, स्कॉलर.

"पुन्हा वाच," मावशी म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी भावाला फोन लावला आणि हॅलोसुद्धा न म्हणता सांगितलं, "तू चुकीच्या बाजूला होतास, गाढवा."

उन्हाळ्यात भावंडं आली. टॅनर्स रो होती तिथे आता एकीकडे सुपरमार्केटचं पार्किंग आहे आणि एकीकडे मुलांची बाग. जुना नकाशा नव्यावर धरून मावशींनी जागा ठरवली. आजीचं घर घसरगुंडीपाशी येतं. सगळे तिथे गोल करून उभे राहिले, आणि मावशींनी टॅब माझ्या हातात दिला. परक्या लोकांसमोर, भर उजेडात, इंग्रजीत! पण वाचलं. 'स्कॉलर' आलं तेव्हा मावशींनी काठी माझ्याकडे केली आणि म्हणाल्या, "आणि ही माझी." त्यांचे भाऊ, तेच ते, येऊन माझा हात धरून हलवत राहिले. मग सगळी म्हातारी मंडळी एकेक करून घसरगुंडीवरून खाली आली, का तर आजीच्या घराचा जिना उतरायचा होता. बागेतली पोरं रांगेत उभी राहून वाट बघत होती.

त्या संध्याकाळी नानांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "हौ, पण तू कोणत्या बाजूला राहतेस ते कधी सांगितलंच नाहीस." खरंच, इतक्या दिवसांत सांगितलंच नव्हतं. कारण सांगण्यासारखी बाजू आहे असं मला वाटतच नव्हतं. मी म्हटलं, "बागेकडची बाजू, नाना. नोरीनमावशींच्या वर." त्यांनी ते आईला ओरडून सांगितलं, गाव जिंकल्यासारखं.

मावशी म्हणतात, या वयात विमानात कोण बसवणार मला. पण डॉक्टरांनी हो म्हटलं की मी त्यांना देवासला नेणार आहे. आपल्या त्या रस्त्याच्या मधोमध उभं करीन, एक पाय थोरल्या पातीत, एक धाकट्या पातीत, आणि आमच्या बाजूच्या दारात नेऊन आधी त्यांचे पाय धुवीन. नाना रस्त्यावर हात आडवे करून उभे असतील. चुकू देणार नाहीत.