हेदीने लावलेलं ठिगळ

स्फाक्स या बंदराच्या शहरात आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हेदी गरगूरी राहतो. शाळेत भूगोल शिकवतो, पण ओळख सांगताना म्हणतो, ‘मी मुक्त सॉफ्टवेअरचा कार्यकर्ता.’ कुणी विचारलेलं नसतं.

शेजारचे अम्म तय्यब, म्हणजे तय्यबकाका, बंदरावर कस्टममध्ये होते. त्यांच्या घरी विंडोजचा, म्हणजे कंपनीच्या मालकीच्या सॉफ्टवेअरचा, संगणक आहे, म्हणून हेदी त्यांना जिन्यात गाठून गुलाम म्हणायचा. अम्म तय्यब म्हणायचे, “बरं बाबा, गुलाम. आता वाट सोड, हातात मासळी आहे.”

मदरबोर्डावर नखाएवढी एक चिप असते. बटण दाबल्यावर संगणकाला जाग आणणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, तिच्यात राहतो. तो पुसून नवा भरायचं एक फुकट, सर्वांसाठी खुलं सॉफ्टवेअर आहे. ते करणाऱ्यांपैकी फिनलंडच्या एकाने त्यात एका विशिष्ट मदरबोर्डासाठी नवं ठिगळ, म्हणजे सुधारणेचा छोटा तुकडा, घातलं आणि विचारलं, ‘हे कच्चं आहे. हाच बोर्ड असलेलं कुणी तपासून बघेल का? घरातल्या एकुलत्या एका संगणकावर मात्र करू नका. आधी जुन्या फर्मवेअरची प्रत काढून ठेवा.’

हेदीकडे नेमका तोच बोर्ड होता. संगणकही एकुलता एकच होता, आणि त्यावर त्याच्या बायकोचं, सबीहाचं, मिठाईचं दुकान चालायचं. लग्नांचा मोसम होता. कुणाकडे किती बकलावा पोचवायचा, सगळं त्यातच.

“हेदी, त्याला हात लावू नकोस.”

“अगं, जगभरातले लोक माझ्या निकालाची वाट बघतायत.”

“आणि इकडे नवरीची आई बघतेय.”

ती दुकानात गेली आणि हेदीने काम सुरू केलं. सांगितल्याप्रमाणे जुन्या फर्मवेअरची प्रत काढली, आणि त्याच संगणकात जपून ठेवली. मग ठिगळ चालवलं. पुसून झालं, लिहिणं अर्ध्यावर अडलं. पडद्यावरचा मजकूर त्याने फोनवर टिपून फिनलंडला पाठवला आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पंखा फिरला. पडदा काळा तो काळाच.

सबीहा परतली, पडद्याकडे बघितलं. “निकाल लागला वाटतं?”

चिपला चिमट्याने धरून बाहेरून लिहिणारं छोटं यंत्र हेदीकडे होतं. पण ते जोडायला चालता संगणक हवा. इमारतीत तो एकाच घरी होता.

अम्म तय्यबनी दार उघडलं. हेदीच्या काखेत संगणक, मागे सबीहा. सगळं ऐकून घेतलं, कॉफी मागवली, मग म्हणाले, “वापर की. पण तुझा तो मुक्त सॉफ्टवेअरवाला पेंग्विन माझ्या मशीनमध्ये शिरता कामा नये.”

म्हणजे यंत्र बनवणाऱ्या कंपनीचाच बंदिस्त प्रोग्राम घ्यावा लागला. जुनी प्रत मेलेल्या संगणकात अडकलेली, म्हणून फर्मवेअरही बोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडूनच. दोन्ही ठिकाणी लांबलचक करार आणि खाली चौकोन.

“मोठ्याने वाच,” अम्म तय्यब म्हणाले. “मला चष्म्याशिवाय दिसत नाही.”

चष्मा नाकावरच होता.

“मला सर्व अटी मान्य आहेत,” हेदी पुटपुटला.

“ऐकू नाही आलं, हेदीसाहेब.”

“मान्य आहेत!”

जिन्यातून चाललेल्या मलाही ऐकू आलं.

संगणक जागा झाला. सबीहाने तिथेच, अम्म तय्यबच्या जेवणाच्या टेबलावर, पहिली ऑर्डर उघडली आणि नवरीच्या आईला फोन लावला. हेदीशी ती दोन दिवस बोलली नाही. त्या दोन दिवसांत त्याने फिनलंडला कळवलं, ‘मशीन सावरलं.’ कसं, ते लिहिलं नाही.

पलीकडून उत्तर आलं: ‘तुमच्या माहितीमुळे चूक सापडली, फार आभार. दुरुस्त ठिगळ सोबत आहे. पुन्हा तपासाल?’

हेदीने लिहिलं, ‘सध्या मी मार्गदर्शनाच्या कामात व्यग्र आहे.’

पुढच्या आवृत्तीत आभाराच्या यादीत त्याचं नाव छापून आलं, आडनावाचं स्पेलिंग चुकवून. शाळेच्या फलकावर त्याने ते लावलंय. मुलांना वाटतं, सरांना फिनलंडला नोकरी लागली.