किसनच्या बॅजवरचा आकडा

ही गोष्ट मी पस्तीस वर्षं टाळली. नातवंडांनी विचारलं की पाणबुडीत झोपायचो कुठे, खायचो काय, एवढंच सांगायचो. गेल्या पौषात किसन वारला. आता तरी खरं लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आपल्या नौदलानं रशियाकडून एक अणुपाणबुडी भाड्यानं घेतली होती. मी बदनापूरचा, किसन वाटूरचा. दोघंही तिच्यावर टेक्निशियन. लोकांना वाटायचं, अणू म्हणजे बॉम्ब. पण अणू फक्त तिच्या इंजिनात होता. डिझेल पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला वर यावंच लागतं, आणि वर आली की ती सापडते. आमची रसद संपेपर्यंत खाली राहू शकायची. शत्रूच्या जहाजांचा माग काढायचा आणि वेळ आलीच तर टॉर्पेडो सोडायचा, हे तिचं काम. ती खाली कुठेतरी असेल, एवढ्या शंकेनंही समोरचा बंदरातून जहाज काढताना दहादा विचार करतो.

रिअ‍ॅक्टरच्या बाजूला जाताना प्रत्येकानं छातीला स्वतःच्या नंबरचा बॅज लावायचा. किरणोत्सर्ग किती लागला, हे त्यावरून कळतं. सगळे बॅज दाराशी टांगलेले असत. एकदा फेरीवर मी एकटाच होतो. आत एका व्हॉल्व्हला गळती दिसली. घाईत बॅज ओढला, आत गेलो, व्हॉल्व्ह आवळला. बाहेर येऊन बघतो तर माझा बॅज हुकावरच होता. छातीवर किसनचा.

तिथल्या तिथे चीफना सांगायला हवं होतं. पण चुकीचा बॅज लावून आत जाणं म्हणजे बोटीवरून छुट्टी. या बोटीसाठी मी घर सोडून रशियन शिकलो होतो. आकडा किरकोळ असेल, असं म्हणून बॅज टांगला. आत गेल्याची नोंदही केली नाही.

महिनाअखेरच्या तपासणीत आकडा किरकोळ निघाला नाही. चीफनी किसनला आमच्यासमोरच विचारलं.

"आत कधी गेला होतास?"

"साहेब, ह्या महिन्यात गेलोच न्हाई."

"मग बॅज एकटाच फिरायला गेला होता?"

सगळे हसले. मीही हसलो.

डॉक्टर म्हणाले, तब्येतीला धोका नाही, पण नियमाप्रमाणे याला बोटीवर ठेवता येणार नाही. किसनची रवानगी किनाऱ्यावरच्या स्टोअरमध्ये झाली.

त्याची सोयरीक वडीगोद्रीला ठरली होती. बातमी गावी पोचायला वेळ लागला नाही. रजेवर गेला की पारावरची माणसं विचारायची, "किसनराव, अंधारात उजेड पडतो म्हणं तुमच्या अंगाचा?" तो हसून सोडून द्यायचा.

आमच्याकडे लग्नाआधी मुलीचा बाप मुलाच्या नोकरीतल्या माणसाला गाठून चौकशी करतो. त्या माणसाचा शब्द शेवटचा. मी रजेवर असताना मुलीचे वडील बदनापूरला माझ्या ओट्यावर आले. चहालाही हात लावला नाही.

"पाव्हणं, तुम्ही दोघं एकाच बोटीवर व्हते. पोरीचा सवाल हाय म्हणून इचारून राह्यलो. पोराला काही लागलंय का? बराबर सांगा."

"मामा, बोटीवरचं सगळं गुप्त असतं. मला बोलता येत न्हाई."

"नसतं काही, तं न्हाई म्हणाले असते तुम्ही."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. ते उठले. आठवड्यात सोयरीक मोडली. किसननं पुढे लग्न केलंच नाही.

तो किरणोत्सर्ग लागला होता मला. मी आज पासष्टीपुढे आहे, ठणठणीत आहे, आणि त्यानंतर मला तीन मुलं झाली. किसन निरोगी असल्याचा पुरावा द्यायची गरजच नव्हती. बॅज कोणाच्या छातीवर होता, एवढंच सांगायचं होतं.

निवृत्तीनंतर एकदा वाटूरला गेलो. किसननं बागेतली मोसंबी सोलून हातावर ठेवली.

"पोरं काय करून राह्यलीत तुझी?"

मी तिघांचंही सांगितलं. तो मन लावून ऐकत होता.

"अन् आज कसा काय आल्ता इकडं?"

"सहज," मी म्हणालो.

तरुण टेक्निशियन भेटले तर एवढंच सांगतो. बॅज लावण्याआधी नंबर वाचा. चुकलात तर त्याच दिवशी सांगा. पुढे पुढे ते जड होत जातं.

'किसन, तो आकडा माझा होता. मला माफ कर.' एसटीत बसून वाटूरपर्यंत एवढंच घोकत गेलो होतो. परतीच्या वाटेवरही तेच घोकत आलो.