दाराबाहेरच्या चपला

आमच्या गावातल्या गाण्याच्या बैठकीला वर्षानुवर्षं तेच ते श्रोते यायचे. यंदा आम्ही पत्रिका छापल्याच नाहीत. भाजीबाजारात, दवाखान्यात, कुंभारवाड्यात स्वतः जाऊन बोलावणं केलं.

गाणं रंगात आलं तेव्हा मी दाराशी आले. चकचकीत बुटांना खेटून मातीने माखलेल्या चपला होत्या, नर्सबाईंचे पांढरे बूट होते, कोथिंबिरीची काडी चिकटलेली एक स्लिपर होती.

माझ्यासोबत आयोजनात असलेली सुनंदा म्हणाली, "अगं, कोण कोण आलंय ते टिपून घेऊया ना!"

"टिपू नंतर. आधी बघ तर!"

हॉल भरला की आम्ही खूश व्हायचो. कुणाच्या चपला या दारात कधीच आल्या नाहीत, हे मनातसुद्धा यायचं नाही.

बैठक संपल्यावर त्या ढिगात माझ्याच चपला सापडेनात. अनवाणीच घरी गेले, पण काय तोऱ्यात!